तौबेला पत्ता लागतो



गतवर्षीच्या हिवाळ्यात एका रात्री ईशाची नमाज आटोपल्यानंतर मी मशिदीचे दिवे मालवीत होतो. शेवटच्या सफेत एक गृहस्थ अजून बसलेले दिसले. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. उमेदीची वर्षे जहाजावरच्या नोकरीत काढलेले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि हे सारे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.) मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी मान खाली घालूनच सांगितले, "मौलाना, सतरा वर्षे झाली. रोज लागते. आता सोडायची आहे. कुठे जाऊ ते सांगा."

मी त्यांना पुष्कळ काही सांगितले. दारूसंबंधी कुरआनचा आदेश सांगितला, तौबेच्या अटी सांगितल्या, इस्तिगफार पढत राहा म्हणालो, पाच वेळा जमाअतीत या म्हणालो. मदीनेतील सहाबांचा दाखलाही दिला: मनाईची घोषणा कानावर पडताच त्यांनी हातातले प्याले खाली ठेवले आणि घरातली मडकी रस्त्यावर रिकामी केली. "तुम्हीही आजच्या आज थांबा," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ते गेले. पुढे कित्येक दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की त्यांनी 'काय करू' असे विचारलेच नव्हते. त्यांनी 'कुठे जाऊ' असे विचारले होते.

ते थांबले. माझ्या शब्दाखातर त्याच रात्री थांबले. दुसऱ्या रात्री त्यांना फेफरे आले, जिभेचा चावा घेतला गेला, आणि शेजाऱ्यांनी रिक्षात घालून त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून अतिशय सौम्य शब्दांत समजावले: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाचे शरीर दारूवरच तोल सांभाळायला शिकलेले असते, ती एकाएकी तोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, कित्येकांना भास होतात, फेफरे येतात आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून सोडताना पहिले काही दिवस औषध आणि देखरेख लागते. रमजानच्या पहिल्या रोजाबरोबर मनाशी निश्चय करून एकदम थांबणाऱ्यांचीही हीच गत होऊ शकते, हे ज्या घरात असा माणूस आहे त्या घराने आधीच जाणून असावे.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर मला एक हदीस आठवत राहिली. अबू दाऊदच्या संग्रहात ती आहे आणि मदरशात मी ती परीक्षेसाठी पाठ केली होती. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. त्याला गुस्लची गरज पडली, तेव्हा त्याने सोबत्यांना विचारले, की मला तयम्मुमची सवलत आहे का? सोबती म्हणाले, पाणी उपलब्ध असताना नाही. त्याने गुस्ल केले आणि त्यातच त्याचा अंत झाला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले; त्या माणसाचा जीव सोबत्यांनीच घेतला असे ते म्हणाले, आणि ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी बजावले. फतवा देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता.

म्हणून मी विचारायला निघालो.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांना हा विषय या मासिकात अनावश्यक वाटेल, याची मला कल्पना आहे. आपल्या घरांत दारू नाही, ती 'त्यांची' समस्या आहे, असे आपण समजून चालतो. २०१९ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील पावणेतीन-तीन कोटींच्या आसपास लोक पूर्णपणे तिच्या आहारी गेलेले आहेत, असे आढळले. या संख्येत आपले कोणीच नाही, असे मानण्यासाठी फार धैर्य लागते. ते धैर्य त्या बाकावरच माझ्या अंगातून गेले. आपल्याकडे दारू हराम असल्यामुळे पिणाऱ्याची संख्या कमी असेल, असावी. पण जो पितो तो अधिक एकटा असतो, एवढे मात्र खरे. दुसऱ्या समाजातला माणूस निदान आपल्या भावाला सांगू शकतो. आपला माणूस अत्तर लावून, वेलची चघळून, मान खाली घालून शेवटच्या सफेत उभा राहतो. नाहीतर येणेच सोडतो. दारू पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही, हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते, पण त्याच हदीसमध्ये तौबा करणाऱ्याची तौबा अल्लाह स्वीकारतो असेही आहे आणि कबूल न होण्याचा अर्थ पुण्य न मिळणे असा आहे, फर्ज माफ होणे असा नाही, हे इमाम नववी (रह.) यांचे स्पष्टीकरण त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवलेले नसते.

'कुठे जाऊ' या प्रश्नाचे महत्त्व खरे पाहता आपल्याला पूर्वीच शिकवलेले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नव्याण्णव खून केलेल्या माणसाची कथा येते. त्याने आपल्याला तौबा आहे का, असे एका वैराग्यशील उपासकाला विचारले. तो नाही म्हणाला. त्या माणसाने त्यालाही मारून शंभरावा आकडा पुरा केला. नंतर तो एका आलिमकडे गेला. आलिमने सांगितले, तौबेच्या आड कोण येऊ शकतो? पण तो तेवढ्यावर थांबला नाही. अमुक एका प्रदेशात जा, तेथे अल्लाहची उपासना करणारे लोक आहेत, त्यांच्यासोबत राहा आणि आपल्या गावी परत फिरू नकोस, कारण ते गाव वाईट आहे, असेही त्याने सांगितले. ही कथा आपण अल्लाहच्या कृपेची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु उपासक आणि आलिम यांच्यातला फरक तीत कोठे दाखवला आहे ते पाहा. आलिमने दार उघडे असल्याचे सांगितले आणि त्या दारापर्यंत जाण्याचा पत्ताही दिला. मी त्या रात्री पहिले काम केले होते, दुसरे केले नव्हते. किंबहुना मला पत्ता ठाऊकच नव्हता.

सहाबांच्या ज्या दाखल्याने मी त्या गृहस्थांना लाजवले, त्याचाही मी अपुरा अर्थ लावला होता. हजरत आयशा (रजि.) यांचे म्हणणे बुखारीत नोंदलेले आहे, की आरंभी जन्नत आणि दोजख यांचे वर्णन करणाऱ्या सूरा उतरल्या, सुरुवातीलाच दारू पिऊ नका असा आदेश आला असता तर लोकांनी ती कधीच सोडली नसती. आधी दारूत लाभाहून पाप अधिक आहे असे सांगितले गेले, पुढे नशेत नमाजजवळ येऊ नका असे, आणि शेवटी सूरह माइदाची संपूर्ण मनाई. वर्षे लागली. आणि शेवटचा दिवस आला तेव्हा मदीनेत कोणीही एकट्याने दारू सोडली नाही. एका संध्याकाळी साऱ्या वस्तीने मडकी फोडली. दुसऱ्या दिवशी मागायला शेजारी नव्हता, विकायला दुकान नव्हते, बोलवायला मित्र नव्हता. आजचा माणूस मशिदीतून घरी जाताना तीन दुकाने ओलांडतो. त्याला मदीनेचा दाखला द्यायचा तर आधी थोडीशी मदीना त्याच्याभोवती उभी करायला हवी, असे मला आता वाटते.

विचारता विचारता मला पुढील गोष्टी कळल्या. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', म्हणजे ज्याला सगळे ए.ए. म्हणतात तो बंधुसंघ, १९३५ साली अमेरिकेतील अक्रन या गावी दोन दारुड्यांनी सुरू केला. त्यांतला एक शेअरबाजारातला होता, दुसरा डॉक्टर. मुंबईत आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत त्याचे मेळावे होतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशा भाषांत. वर्गणी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारायचे नाही. पिणे थांबवण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. खर्चासाठी शेवटी एक टोपली फिरते, त्यात सभासदच जमेल ते टाकतात. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. काही बैठका फक्त व्यसनींसाठी असतात, काही खुल्या असतात. खुल्या बैठकीत घरचे किंवा माझ्यासारखा माणूसही बसू शकतो. आधी औषधोपचार हवे असतील तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. आणि कोणालाच विचारण्याचे धाडस होत नसेल तर केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. तो फिरवणाऱ्याला आपल्या जिल्ह्यातील जागा विचारता येते.

आमच्या जवळची बैठक बावीस किलोमीटरवर निघाली. दर गुरुवारी संध्याकाळी, एका चर्चच्या आवारातील शाळेच्या वर्गात. ही जागा ऐकताच त्या गृहस्थांचे पाय थबकले आणि खरे सांगायचे तर माझेही क्षणभर थबकले. पण हा प्रश्न मला फार वेळ अडवू शकला नाही. हिजरतच्या रात्री प्रेषितांनी (स.) वाटाड्या म्हणून ज्याला मोलाने घेतले, तो कुरैशच्या धर्मावरच होता. वाळवंटातली वाट त्याला ठाऊक होती आणि तो विश्वासू होता. एवढे पाहिले गेले. बैठकीच्या शेवटी सारे उभे राहून एक प्रार्थना म्हणतात, तेव्हा काय करायचे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "गप्प उभे राहा आणि मनात आपली दुआ करा." बारा पायऱ्यांत जेथे ईश्वराचा उल्लेख येतो तेथे ज्याने-त्याने आपल्या जाणिवेप्रमाणे अर्थ घ्यावा असे ते लोक स्वतःच म्हणतात, आणि आपल्याला तर त्यासाठी वेगळे नाव शोधावे लागत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील मुस्लिमांनी १९८९ मध्ये याच पायऱ्यांना इस्लामी चौकट देऊन 'मिल्लती इस्लामी' नावाचा स्वतंत्र बंधुसंघ उभारला आहे. आपल्याकडे तसे काही होईपर्यंत बुडणाऱ्याने दोर कोणाचा आहे हे पाहत बसू नये.

खरा प्रश्न दुसराच होता, आणि तो त्यांनी रिक्षात बसल्यावर विचारला. "मौलाना, अल्लाहने झाकलेला गुनाह मी चारचौघांत उघडा करायचा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रेषितांची (स.) स्पष्ट शिकवण आहे, की या उम्मतमधील प्रत्येकाला क्षमा मिळू शकेल, पण आपले पाप जाहीर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी; रात्री अल्लाहने ज्याच्यावर पडदा टाकला तो सकाळी उठून स्वतःच तो पडदा फाडतो. मग 'मी अमुक, आणि मी दारुडा आहे' असे बैठकीत म्हणणे हा पडदा फाडणेच नव्हे काय?

मी उत्तरासाठी इमाम नववी यांच्या 'अल-अज़कार'कडे वळलो. ते प्रथम हेच सांगतात, की पापात सापडलेल्याने ते इतरांना सांगू नये. परंतु लगेच पुढे अपवाद करतात: ज्याच्याकडून सुटकेचा मार्ग कळण्याची, पुन्हा त्यात न पडण्याची युक्ती शिकण्याची किंवा पापाचे मूळ उमगण्याची आशा आहे, अशाला सांगण्यात हरकत नाही, उलट ते चांगलेच आहे. फिकहमध्ये याला समांतर असा एक नियम प्रत्येक मदरशाचा विद्यार्थी शिकतो. शरीराचा जो भाग झाकणे बंधनकारक आहे तो उपचारासाठी वैद्यासमोर उघडता येतो. मात्र गरज असेल तेवढाच, आणि गरज असेल तोवरच. शरीर झाकणे आणि ऐब झाकणे या दोन्हींना आपण सत्रच म्हणतो. मग एकाचा नियम दुसऱ्याला का लागू नये? पाप जाहीर करणारा आणि जखम दाखवणारा हे दोघे वरून सारखे दिसतील. पण पहिला बघणारे शोधत असतो, दुसरा बरे करणारा.

म्हणून मी त्यांना एवढेच म्हणालो, की जेवढे बोलल्याने बरे वाटेल तेवढे बोला. चवीने सांगू नका. आणि दुसऱ्याचे नाव त्यात येऊ देऊ नका. तेथे पोहोचल्यावर समजले, की हा नियम त्यांच्याकडे आधीपासूनच आहे. येथे ऐकलेले येथेच ठेवायचे, असे बैठकीच्या आरंभी सांगितले गेले. बैठका ही अमानत असते, अशी आपल्याकडे हदीस आहे. आपल्या बैठकांत, विशेषतः लग्नघरच्या ओसरीवर, ती किती पाळली जाते हा वेगळा विषय.

मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसलो. लहान मुलांचे बाक, फळ्यावर दुपारचा सात्तेचा पाढा, स्टीलच्या पेल्यांत चहा. अकरा माणसे होती. एक निवृत्त शिक्षक बोलले, एक मासे विकणारा तरुण बोलला. कोणी कोणाला उपदेश केला नाही. मी आठवड्यातून किमान एकदा मिंबरवरून बोलणारा माणूस. इतकी माणसे एकमेकांना काहीही न सुचवता तासभर ऐकू शकतात, हे मला नवीन होते. आमचे गृहस्थ त्या दिवशी फक्त नाव बोलले.

तेथे वारंवार ऐकू येणारा एक विचार मात्र मला बराच काळ छळत राहिला. दारूपुढे आपण हतबल आहोत, हे कबूल करणे ही त्यांची पहिली पायरी, आणि व्यसन हा रोग आहे ही त्यांची धारणा. मग गुनाह कोठे गेला? रोग्याला शिक्षा नसते. हतबलाला जाब नसतो. ही सवलत आपल्या अकीद्यात बसते का?

रोग या शब्दाला आपण बिचकण्याचे कारण नाही. औषध म्हणून दारू बनवण्याची परवानगी एका सहाबींनी मागितली, तेव्हा ती औषध नाहीच, ती रोग आहे, असेच प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. परंतु रोग म्हटल्याने जबाबदारी संपते हे मला मान्य नाही, आणि बैठकीतल्या जुन्या माणसांनाही ते मान्य नव्हते, हे हळूहळू कळले. तलब उठणे हे त्याच्या हातात नाही. सतरा वर्षांनी ती त्याच्या रक्तात घातली आहे. पण गुरुवारी रिक्षात बसणे त्याच्या हातात आहे. मनीऑर्डरचे पैसे पत्नीच्या हाती देणे, त्या दुकानावरून न जाता दुसऱ्या गल्लीने येणे, तलब उठताच कोणाला तरी फोन करणे त्याच्या हातात आहे. शरीअत माणसाला त्याच्या कुवतीपलीकडचा जाब विचारत नाही. पण कुवत जिथवर आहे तिथवरचा विचारतेच. आणि हतबलतेचे म्हणाल, तर आपण दिवसातून किती वेळा 'ला हौल' पढतो, आणि त्यात आपल्या स्वतःच्या बळाविषयी नेमके काय कबूल करतो?

एका मुद्द्यावर माझे समाधान अर्धेच झाले आहे. वीस वर्षे थेंब न घेतलेला माणूसही तेथे 'मी दारुडा आहे' असेच म्हणतो. तौबा करणारा गुनाह न केलेल्यासारखा होतो, असे आपण शिकलो. मग हे नाव जन्मभर का वागवायचे? मी हे आमच्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "मौलाना, ते गुनाहाचे नाव नाही, धोक्याचे नाव आहे. माझ्या भावाला मधुमेह आहे. साखर ताब्यात आली म्हणून तो स्वतःला निरोगी म्हणवून जिलेबी खात नाही." उत्तर चांगले आहे. तरीही मला हे नाव टोचते, आणि ते टोचते हे लिहून ठेवतो.

त्यांच्या पत्नीची अडचण निराळी होती. ती माझ्या घरी येऊन म्हणाली, "भाभी, नवऱ्याचे बाहेर सांगितले तर गीबत होईल ना?" इतकी वर्षे तिने हाच हिशेब करून तोंड बंद ठेवले होते. हजरत हिंद (रजि.) यांनी आपल्या पतीच्या कंजूषपणाची तक्रार प्रेषितांकडे (स.) केली आणि ती ऐकून घेतली गेली, त्यावरूनच आलिमांनी ठरवले आहे, की मदत मागण्यासाठी किंवा अन्याय दूर व्हावा म्हणून केलेले कथन गीबत ठरत नाही. व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनन नावाचा वेगळा बंधुसंघ १९५१ पासून आहे. तो आमच्या तालुक्यात नाही. सध्या ती आणि माझी पत्नी सोमवारी दुपारी बसतात. काय बोलतात ते मला सांगितले जात नाही.

पुढे ते गृहस्थ दोनदा घसरले, एकदा ईदनंतरच्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी ते मशिदीच्या पायरीवर बसले होते आणि आत यायला तयार नव्हते. प्रेषितांसमोर (स.) दारूच्या गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा आणल्या गेलेल्या एका सहाबींना कोणी शाप दिला, तेव्हा त्यांनी तो थांबवला आणि हा माणूस अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. पुन्हा पुन्हा आणल्या गेलेल्या. बुखारीतला हा तपशील मी पूर्वी कधी मुद्दाम वाचलाच नव्हता. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. तो बुधवार होता.

त्याच आठवड्यात मी एका कागदावर बैठकीचा पत्ता, वार, वेळ आणि १४४४६ हा क्रमांक लिहून मशिदीच्या सूचनाफलकावर, नमाजांच्या वेळापत्रकाखाली लावला. कमिटीतील एका बुजुर्गांनी तो काढायला सांगितला. "लोक म्हणतील, ह्यांच्या मशिदीत दारुडे येतात." मी म्हणालो, "चाचा, येतातच." त्यांना ते आवडले नाही. ते मनाने चांगले आहेत. मशिदीच्या अब्रूची त्यांना खरीच काळजी आहे. कागद मी काढला. आता तो वजूखान्याच्या दाराला आतल्या बाजूने लावला आहे, जिथे माणूस काही क्षण एकटा असतो. परवा पाहिले तर त्याच्या खालच्या कडेला, जिथे क्रमांक मी तीन-चार वेळा लिहून कात्रीने फाटे पाडले होते, तिथला एक फाटा कोणीतरी तोडून नेला होता.